आपत्कालीन पथकांना ब्रॉडबँड पीटीटीसाठी तयार कसं करायचं? (धुळे, जळगाव, नंदुरबार)

साक्री_समन्वयक

राम राम मंडळी.

आपत्कालीन पथकांच्या प्रशिक्षणाचा आराखडा करायला घेतला आहे. पोलीस, अग्निशमन, १०८, एसडीआरएफ (राज्य आपत्ती प्रतिसाद दल), महसूल आणि आपदा मित्र (प्रशिक्षित स्वयंसेवक) मिळून पहिल्या टप्प्यात ६० जण. आपत्कालीन सेवांसाठी वेगळं ब्रॉडबँड नेटवर्क उद्या आलं तर माणसं आधीच तयार असावीत, एवढाच हेतू आहे. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ४ जून २०१८ च्या शिफारशींत यासाठी ८१४–८२४ आणि ८५९–८६९ मेगाहर्ट्झ, म्हणजे २×१० मेगाहर्ट्झचा पट्टा सुचवला होता, तो कागद वाचलेला आहे. तोवर सराव म्हणून साध्या ४जी सिमवर पीटीटी (पुश-टू-टॉक, म्हणजे बटण दाबून बोलायचं) ॲप आणि मजबूत बांधणीचे हँडसेट वापरायचा विचार आहे.

आज सगळं काम व्हीएचएफ सेटवर (जुन्या बिनतारी वॉकीटॉकीवर) चालतं. त्याच्या जोडीला प्रत्येक खात्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. बंबावरचा माणूस रुग्णवाहिकेशी थेट बोलू शकत नाही, दोघंही आपापल्या नियंत्रण कक्षातून फिरून येतात.

विचारायचं ते असं:

१. किती तासांचं प्रशिक्षण पुरेल, आणि सुरुवात कशापासून करावी?
२. टॉकग्रुप (एकमेकांचं बोलणं ऐकणाऱ्या सेटचे गट) कसे आखावेत? वरून सूचना आली आहे की सगळ्यांना एकाच ग्रुपमध्ये घ्या. मला ते पटत नाही, पण कारण मांडता यायला हवं.
३. ब्रॉडबँड आलं की व्हीएचएफ सेट जमा करायचे का?
४. सगळ्यात आधी काय बिघडतं?

बिनतारी_धुळे

समन्वयक भाऊ, हँडसेटची ओळख पहिल्या तासाला ठेवू नका. पहिला तास बोलण्याच्या सवयीला द्या, कारण तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

व्हीएचएफवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस बटण दाबतो आणि त्याच क्षणी बोलायला लागतो. ब्रॉडबँडवर बटण दाबलं की सेट आधी सर्व्हरकडे बोलायची पाळी मागतो. पाळी मिळाली की टोन वाजतो, त्यानंतर आवाज जायला लागतो. थ्रीजीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या) प्रमाणात ही पाळी ३०० मिलिसेकंदांच्या आत मिळावी असं धरलं आहे. साध्या सिमवर, गर्दीच्या टॉवरखाली, ती एक-दोन सेकंदांवर जाऊ शकते. टोनच्या आधी बोललेलं कुठंही पोचत नाही. "नका सोडू दोर" यातला "नका" कापला गेला तर पलीकडे काय ऐकू येईल, हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना करून दाखवा. म्हणून नियम असा: बटण दाबा, टोन ऐका, आधी कॉल साइन (सेटवरचं आपलं ठरलेलं नाव), मग मजकूर. चुकून काही कापलं गेलंच तर कॉल साइन कापली जाईल, आदेश शाबूत राहील.

टोन चार असतात: पाळी मिळाली, पाळी नाकारली, रांगेत आहात, आणि पाळी काढून घेतली. शेवटचा टोन कोणालाच ठाऊक नसतो. जास्त प्राधान्याचा माणूस मध्ये आला की तुमचं बोलणं तुटतं, आणि सेट हातात धरून तुम्ही बोलतच राहता. १२ जणांची तुकडी करा, सेट पाठीमागे धरायला लावा, चारही टोन उलटसुलट वाजवा आणि कोणता टोन ते ओरडून सांगायला लावा. वीस मिनिटांत पक्कं होतं. ६० जणांच्या पाच तुकड्या, प्रत्येकीला तीन तासांची तीन सत्रं. याहून कमी करू नका.

वर्गात आणखी एक अडचण हमखास येते. एकाच ग्रुपमधले दोन सेट शेजारी असले की एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि उशिरा परत येतो. घटनास्थळीही तेच होतं. बोलणाऱ्याने तीन-चार मीटर बाजूला व्हावं किंवा बाकीच्यांनी कानात इअरपीस घालावा.

आता टॉकग्रुप. साठ जण एका ग्रुपमध्ये घातले तर एका वेळी बोलणार एकच, उरलेले एकोणसाठ रांगेत. चोपड्यात अपघात आणि चाळीसगावात तितूर नदीला पूर एकाच वेळी असला तर दोन्ही घटना एकमेकींचा गळा दाबतात. वरिष्ठांना हेच कारण द्या, मोजून दाखवा: दहा सेकंदांचा एक संदेश आणि दोन सेकंदांची फट धरली तर मिनिटाला पाचच संदेश होतात.

माणशी पाच-सहा ग्रुपच्या वर देऊ नका. आपल्या खात्याचा एक, तालुक्याचा संयुक्त एक, जिल्हा कमांड एक (हा फक्त पथकप्रमुखांना), सरावाचा एक, आणि तिन्ही जिल्ह्यांचा मिळून 'तापी पूर'. हा शेवटचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी जळगावातून धुळे जिल्ह्यात सुलवाड्याला आणि पुढे नंदुरबारात सारंगखेडा-प्रकाशाला जातं. पाणी जिल्ह्याची हद्द बघत नाही, आपला निरोप मात्र प्रत्येक हद्दीवर थांबतो.

संयुक्त ग्रुपवर पथकातला एकच माणूस जाईल, बाकीचे खात्याच्या ग्रुपवर राहतील, असं लिहून ठेवा. नाहीतर सगळेच संयुक्त ग्रुपवर जातात आणि पंपावरच्या माणसाला पाणी बंद करायला सांगणारं कोणी उरत नाही.

नावं ठेवताना हँडसेटचा छोटा पडदा डोळ्यांसमोर ठेवा. त्यावर पहिली दहा-बारा अक्षरंच दिसतात. 'जळगाव जिल्हा अग्निशमन' आणि 'जळगाव जिल्हा आरोग्य' हे दोन्ही 'जळगाव जिल…' असेच दिसतील. 'अग्नि-जळगाव', 'आरोग्य-जळगाव' असं फिरवून लिहा.

भाषेबद्दल थोडं. खात्यांचे आपापले कोड संयुक्त ग्रुपवर बंद. साधी मराठी, आकड्यांसह. "पानी वाढी ऱ्हायनं" हे आपल्याला समजतं, पण त्यावरून बोट पाठवायची की ट्रॅक्टर, ते ठरत नाही. "पुलाच्या तिसऱ्या कमानीला पाणी, अर्ध्या तासात दोन फूट वाढलं" असं हवं. गावाचं नाव तालुक्याशिवाय घ्यायचं नाही. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव आपल्याकडे किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. अक्षांश-रेखांश वाचून दाखवत असाल तर ऐकणाऱ्याने एक झटपट ताळा करावा: खान्देशात उत्तरेचा आकडा २० किंवा २१ ने सुरू होतो (अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्याच्या अगदी वरच्या टोकाला २२), पूर्वेचा ७३ ते ७६ मध्ये असतो. यात बसलं नाही तर आकडे उलटे वाचलेत किंवा चुकलेत.

व्हीएचएफ सेट जमा करू नका. त्याचं कारण नेटवर्कवाल्यांनीच सांगावं.

एलटीई_भुसावळ

कारण सांगतो. हातातला व्हीएचएफ सेट साधारण ५ वॅटने बोलतो, गाडीतला २५ वॅटने. एलटीई (४जी) हँडसेटची ताकद २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॅट. टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो म्हणून पडद्यावर दांड्या दिसतात, पण तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचेलच असं नाही. रेंजच्या कडेला नेहमी असं होतं की तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं आणि तुमचं कोणालाच नाही. दांड्या बघून विश्वास ठेवायचा नाही, हे वर्गात ठासून सांगा. अमेरिकेत फर्स्टनेट या आपत्कालीन सेवांच्या नेटवर्कच्या बँड १४ वर खास उपकरणांना ३१ डीबीएम, म्हणजे सव्वा वॅटपर्यंत परवानगी आहे, ती याच अडचणीमुळे.

शिवाय टॉवर नसेल तर एलटीई सेट एकमेकांशी बोलत नाहीत. प्रमाणात थेट सेट-ते-सेट बोलण्याची सोय लिहिलेली आहे, पण ती पाळणारे हँडसेट बाजारात सहज मिळत नाहीत. व्हीएचएफच्या सिम्प्लेक्सवर दोन माणसं काहीही मध्ये नसताना बोलतात. ती सोय सोडून द्यायची नाही.

प्राधान्याबद्दल मोठा गैरसमज असतो, म्हणून तीन गोष्टी सुट्या करून शिकवा.

पहिली, आत शिरण्याची. टॉवरवर गर्दी झाली की कंपनी साध्या सिमना काही वेळ अडवू शकते. सिममध्ये १२ (सुरक्षा) किंवा १४ (आपत्कालीन सेवा) हा प्रवेश वर्ग लिहिलेला असेल तर त्या अडवणुकीतून सूट मिळते.

दुसरी, आत गेल्यावर कोणाचा डेटा आधी. पीटीटीच्या आवाजासाठी क्यूसीआय (डेटाच्या प्राधान्याचा वर्ग) ६५ असतो, त्यात नेटवर्कमधला उशीर ७५ मिलिसेकंदांत ठेवायचा असतो. त्याचे सिग्नलिंग (पाळी मागण्या-देण्याचे निरोप) ६९ वर आणि महत्त्वाचा डेटा ७० वर जातो. साधं इंटरनेट बहुधा ९ वर असतं, तिथं ३०० मिलिसेकंद धरलेले.

तिसरी, जागा संपली तर कोणाला बाहेर काढायचं. त्याला एआरपी म्हणतात. १ ते १५ पातळ्या असतात, १ सगळ्यात वरची.

तुम्ही सरावाला वापरणार ते साध्या सिमवरचं ॲप. त्याला या तीनपैकी एकही गोष्ट मिळत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडेबाजारात माणूस मावत नाही, तेव्हा तुमचा पीटीटी आणि शेजारच्याचं रील नेटवर्कच्या लेखी सारखंच. हे माणसांना स्पष्ट सांगितलं नाही तर ॲपच्या भरवशावर यात्रेचा बंदोबस्त आखला जाईल. आणि प्राधान्य मिळालं तरी ते रेंज तयार करत नाही. जिथं सिग्नलच नाही तिथं पहिल्या पातळीचा माणूसही मुकाच.

व्हिडिओचं गणित: १० मेगाहर्ट्झच्या अपलिंकमध्ये (सेटकडून टॉवरकडे) एका सेक्टरला (टॉवरच्या एका बाजूला) अगदी उत्तम स्थितीत २५ मेगाबिटच्या आसपास मिळतात, तेही सगळ्यांत वाटून. एक ७२० पीचा व्हिडिओ एक ते दोन मेगाबिट खातो. पीटीटीचा आवाज वरचं आवरण धरून ३०-४० किलोबिट. आता घटना टॉवरखाली घडत नाही, बहुतेकदा कडेला घडते. कडेवरच्या सेटला एक मेगाबिट पाठवायला टॉवरजवळच्या सेटपेक्षा कितीतरी जास्त रेडिओ जागा लागते. तिथून तीन जणांनी एकाच वेळी व्हिडिओ सुरू केला की सेक्टर भरला. म्हणून एका घटनेला एकच व्हिडिओ, तोही नियंत्रण कक्षाने मागितल्यावर. बाकीच्यांनी फोटो पाठवावेत, आणि फोटोसोबत कोणत्या दिशेला तोंड करून काढला ते लिहावं.

रेंज मोजायला आत्तापासून माणसं लावा, त्यासाठी नव्या नेटवर्कची वाट बघायची गरज नाही. चाळीस ठिकाणं निवडा: पूल, बंधारे, घाट, जिनिंग, एमआयडीसी, ग्रामीण रुग्णालयांचे तळमजले. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं, चार दिशांना तोंड करून. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) लिहा, एकदा सेट हातात धरून, एकदा कमरेला लावून (अंग आड आलं की काही डेसिबल जातातच). आरएसआरपीचे माझे ढोबळ टप्पे (डीबीएममध्ये) असे: उणे ९५ पर्यंत निर्धास्त, उणे ९५ ते ११० आवाज आणि फोटो, ११० ते ११८ फक्त आवाज आणि तोही थांबून, त्याखाली व्हीएचएफ. एसआयएनआर शून्याखाली गेला तर आरएसआरपी चांगला असूनही अडखळणार. सातपुड्यात ही मोजणी दोनदा करा. उन्हाळ्यात सागाची पानं झडलेली असतात, ऑगस्टमध्ये भरगच्च आणि ओली असतात, आणि पूर ऑगस्टमध्ये येतो.

हँडसेट वाटण्याआधी प्रत्येकावर एवढं तपासा: बॅटरी ऑप्टिमायझेशन या ॲपसाठी बंद (हे राहिलं की पडदा मावळल्यावर काही मिनिटांत ॲप झोपतं, आणि माणसाला वाटतं ग्रुप शांत आहे), डेटा सेव्हर बंद, लोकेशनची परवानगी 'नेहमी', तारीख-वेळ आपोआप, ॲपचे आणि फोनचे अपडेट हाताने. तारीख चुकली की सर्व्हरचं प्रमाणपत्र नाकारलं जातं आणि लॉगिनच होत नाही. बॅटरी पूर्ण संपून पुन्हा चालू केलेल्या सेटवर हे दिसतं, म्हणून अशा सेटवर आधी वेळ बघायची.

फायरमन_खान्देश

वरच्या दोघांनी उन्हाचा विषय घेतला नाही, तो मी घेतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. लिथियम बॅटरीचं चार्जिंग साधारण ४५ अंशांच्या वर फोन स्वतःच थांबवतो किंवा अगदी मंद करतो. काचेला लावलेल्या होल्डरमध्ये, बंद गाडीत, सेट त्याच्या पुष्कळ वर जातो. मग पडदा अंधूक होतो, मोडेम मंदावतो आणि सेट बंद पडतो. गाडीत सेट डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, होल्डर खाली गिअरच्या बाजूला किंवा एसीच्या झडपेजवळ. दुपारच्या पाळीला चार्जिंग सावलीत, गाडीबाहेर. शक्य असेल तर बदलता येणाऱ्या बॅटरीचेच सेट घ्या, सेटमागे एक जादा बॅटरी.

मोठ्या बंबाची वीज २४ व्होल्टची असते, जीप-रुग्णवाहिकेची १२ ची. फक्त १२ व्होल्टचा चार्जर बंबात लावला तर जळतो. १२–२४ लिहिलेलाच घ्या आणि फ्यूजसह कायमचा जोडून घ्या, सिगारेट-लायटरचा सॉकेट धक्क्याने सैल होतो. गाडीतला राऊटर इंजिन बंद असताना चालू ठेवणार असाल तर कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारं कटऑफ बसवा. नाहीतर रात्रभर राऊटर चालेल आणि पहाटे बंब सुरूच होणार नाही.

राऊटरचा अँटेना टपावर, पत्र्याच्या मधोमध, व्हीएचएफच्या अँटेनापासून किमान एक मीटर लांब. २५ वॅटचा सेट बोलत असताना जवळचा एलटीई बहिरा होतो. केबल छोटी ठेवा. साधी आरजी-५८ केबल ८००-९०० मेगाहर्ट्झवर मीटरला अर्धा डेसिबल सहज खाते. पाच-सहा मीटर केबल आत गुंडाळून ठेवली की निम्मा सिग्नल केबलमध्येच गेला.

जिनिंगच्या आगीबद्दल: पत्र्याची शेड, आत रचलेल्या गाठी. पत्र्यामागे एलटीई मरतो. आत जाणाऱ्या जोडीला ब्रॉडबँड सेटवर सोडायचंच नाही. आतले दोघं आणि दाराशी उभा माणूस सिम्प्लेक्सवर, दारावरचा माणूस ब्रॉडबँडवर बाहेरच्यांना सांगणार. हातमोजे आणि ओला पडदा असताना टच चालत नाही, त्यामुळे ज्या सेटला बाजूला खरं पीटीटी बटण आणि वर फिरवायचा ग्रुप-नॉब नाही तो सेट अग्निशमनाला घेऊ नका. खांद्यावर रिमोट स्पीकर माइक हवाच. पंपाशेजारी उभं राहून बोलताना माइक तोंडासमोर नको, गालाशी तिरका, पंपाकडे पाठ.

लाल (आणीबाणीच्या) बटणाबद्दल माझं मत असं की ते पहिले सहा महिने बंद ठेवावं. खिशात दाबलं जातं, सगळा ग्रुप आणीबाणीत जातो आणि मग खऱ्या वेळी कोणी गंभीरपणे घेत नाही.

बिनतारी_धुळे

फायरमन दादा, बाकी सगळं मान्य, लाल बटण बंद ठेवायला मात्र माझा विरोध आहे. पाण्यात अडकलेल्या माणसाला बोलायला सुचत नाही, ते बटण त्याच्यासाठीच आहे. चुकून दाबलं जातं हे खरं, त्याला उपाय आहे: दाबून धरायचा काळ तीन सेकंद ठेवा, बटण खोलगट असलेला सेट घ्या, आणि रद्द कसं करायचं ते शिकवा. खरी गोची रद्द करण्यात आहे. आणीबाणी जाहीर झाली की कोणीतरी रद्द करेपर्यंत ग्रुप त्याच अवस्थेत राहतो आणि त्याला वरचं प्राधान्य मिळत राहतं. दाबणारा आणि नियंत्रण कक्ष, दोघांनाही रद्द करता आलं पाहिजे. कक्षातून ठरावीक प्रश्न: "कॉल साइन अमुक, तुमची आणीबाणी खरी आहे का?" दोनदा विचारून उत्तर नाही आलं तर खरीच समजायची, शेवटच्या लोकेशनवर जवळचं पथक पाठवायचं.

साक्री_समन्वयक

खूप मोलाचं मिळालं. लाल बटण चालू ठेवतो, तीन सेकंदांवर.

दोन गोष्टी राहिल्या. धडगाव-मोलगी भागात काही टॉवर उपग्रहावर चालतात, तिथं काय बदलतं? आणि नवापूर, पळासनेर, रावेर अशा सीमेवरच्या पथकांना वेगळं काही शिकवायचं का?

सातपुडा_सायरन

दोन्ही विषय आमच्या रोजच्या वाटेवरचे.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. टॉवरवरून उपग्रह आणि तिथून खाली यायलाच पाव सेकंद लागतो. पाळी मागणं वर जातं आणि मंजुरी परत येते, म्हणजे टोन यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. बोलणारा आणि ऐकणारा दोघंही त्याच टॉवरखाली असले तरी आवाज शहरातल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो, म्हणून समोरच्या डोंगरावरच्या माणसाचा शब्दही अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. त्या भागातल्या पथकांना वेगळा सराव द्या: टोन येईपर्यंत बटण सोडायचं नाही. टोन उशिरा आला की माणूस बटण सोडतो, पुन्हा दाबतो, आणि प्रत्येक वेळी रांगेच्या शेवटी जातो.

वादळात वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो. वरची जोडणी तुटली तरी फक्त त्या टॉवरखालची माणसं आपसात बोलू शकतील अशी सोय प्रमाणात आहे, थ्रीजीपीपीच्या रिलीज १३ पासून. पण ती टॉवरवर मुद्दाम बसवावी लागते. आपल्याकडे ती आहे असं गृहीत धरून काहीही आखू नका. खाली उतरायच्या पायऱ्या सेटच्या पाठीवर स्टिकरवर छापून चिकटवा:

बटण दोनदा दाबलं, टोन नाही → दहा पावलं उंचावर किंवा मोकळ्यात जा, एकदा पुन्हा.
तरीही नाही → व्हीएचएफ, रिपीटर (उंचावरून निरोप पुढे फेकणारा) चॅनल.
रिपीटर उचलत नाही → व्हीएचएफ, सिम्प्लेक्स, आणि ठरलेल्या माणसाला उंच जागी बसवून त्याच्यामार्फत निरोप.
दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं ब्रॉडबँड पुन्हा तपासा.

शेवटची ओळ विसरली की नेटवर्क परत आल्यावरही निम्मं पथक व्हीएचएफवर आणि निम्मं ब्रॉडबँडवर राहतं. आणखी एक: ऑनलाइन मागवलेला किंवा बाहेरून आणलेला सॅटेलाइट फोन कोणी आणू नये. थुराया आणि इरिडियमवर आपल्याकडे बंदी आहे. लागलाच तर खात्यामार्फत परवान्याचाच.

आता सीमा. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत. तिथं हँडसेट कोणत्या राज्याचा टॉवर धरेल याचा नेम नाही. पीटीटी ॲप डेटावर चालतं, त्यामुळे रोमिंगचा डेटा चालू असेल तर ग्रुप तुटत नाही. तुमच्या सेटवर तो चालू आहे का, ते आधी बघा, बऱ्याच सेटवर बंद असतो. पण नागरिकाने तिथून लावलेला ११२ शेजारच्या राज्याच्या केंद्राला लागू शकतो. शेजारच्या जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांचे थेट क्रमांक (नवापूरला तापी, पळासनेरला बडवानी, रावेरला बुऱ्हाणपूर) छापील यादीत हवेत. फोनमध्ये साठवलेले चालत नाहीत, फोनच मेलेला असतो. निरोप देताना गुजरातीत किंवा हिंदीत गावाचं नाव वेगळं उच्चारलं जातं, म्हणून महामार्गाचा क्रमांक आणि किलोमीटरचा दगड सांगायची सवय लावा.

पाड्यांवर भिली-पावरी बोलणारे आपदा मित्र आहेत. त्यांना संयुक्त ग्रुपवर मराठीत बोलायला भाग पाडू नका. त्यांच्या पथकप्रमुखाने ऐकून मराठीत पुढे सांगावं, आकडे मात्र दोघांनी परत म्हणावेत.

एलटीई_भुसावळ

सायरन भाऊंच्या मुद्द्याला जोडून: व्हीएचएफ आणि ब्रॉडबँड जोडणारा गेटवे घ्यायचं कोणी सुचवेल. चांगली वस्तू आहे, पण तीन ठिकाणी दगा देते. एकाच ग्रुपला दोन गेटवे जोडले तर आवाज गोल फिरत राहतो आणि दोन्ही अडकतात, म्हणून एका ग्रुपला एकच. आवाज आला की आपोआप चालू होणारी पद्धत टाळा, पंपाच्या आवाजाने चॅनल उघडा राहतो. सेटमधून वाहक लहर (कोणी खरंच बटण दाबल्याची खूण) ओळखणारी तार काढून जोडा. आणि व्हीएचएफवाल्याने बटण दाबल्यावर एक सेकंद थांबायचं, कारण गेटवेला तिकडे पाळी मागावी लागते. रेल्वेशी मात्र गेटवे जोडायच्या भानगडीत पडू नका, त्यांची यंत्रणा वेगळी. रुळांवरच्या घटनेत विभागीय नियंत्रण कक्षाशी बोलणारा एक माणूस नेमा. गाड्या थांबल्याची खात्री त्याच्या तोंडून आल्याशिवाय कोणी रुळांवर उतरायचं नाही.

बिनतारी_धुळे

तिसऱ्या सत्राच्या शेवटी एक तासाचा मैदानी सराव ठेवा. प्रसंग हतनूरच्या विसर्गाचा. भुसावळ, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशा चार ठिकाणी पथकं, एक नियंत्रण कक्ष. प्रसंग आधी सांगायचा, अडचणी सांगायच्या नाहीत.

दहाव्या मिनिटाला एका पथकाने तालुका न सांगता गावाचं नाव द्यायचं आणि कक्ष विचारतो का ते बघायचं. विसाव्या मिनिटाला चार जणांनी एकदम व्हिडिओ सुरू करायचा. तिसाव्याला एका सेटवरून लाल बटण आणि त्यानंतर शांतता. चाळिसाव्या मिनिटाला सर्व्हर बंद, कोणालाही न कळवता. त्या क्षणापासून घड्याळ लावा: चारही पथकं व्हीएचएफवर हजर व्हायला ९० सेकंदांहून जास्त लागले तर ती तुकडी पुन्हा बसवा. पन्नासाव्याला सर्व्हर चालू करा आणि परत कोण येत नाही ते लिहा.

निरीक्षकाने तीनच रकाने भरायचे: पहिला शब्द कापला गेलेले संदेश, 'पुन्हा सांगा' किती वेळा, आणि आकडा परत न म्हणता पुढे गेलेले संदेश. जास्त रकाने दिले की तो ऐकणं सोडून लिहीत बसतो.

नंतर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं हजेरी, प्रत्येक वेळी वेगळ्या पाळीला. त्यातली पाच मिनिटं व्हीएचएफवरच, कारण वापरात नसलेल्या सेटच्या बॅटऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर मेलेल्या सापडतात.

आणि सरावाचा प्रत्येक संदेश "सराव, सराव" म्हणून सुरू करायचा आणि तसाच संपवायचा, सर्व्हर बंद असतानाही. व्हीएचएफवर बाहेरचे लोक ऐकत असतात. हतनूरचे सगळे ४१ दरवाजे उघडले हा सरावातला निरोप नदीकाठच्या गावात खरा म्हणून पोचला तर रात्री गुरंढोरं घेऊन निघालेल्या लोकांना परत आणायचं काम आपल्याच पथकांवर येईल. सरावाच्या आदल्या दिवशी चारही ठिकाणच्या तलाठ्यांना आणि पोलीस पाटलांना वेळेसह लेखी कळवा, आणि १०७७ वर (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर) बसणाऱ्या माणसाच्या टेबलावर त्याची प्रत ठेवा.